तिळाची डबी वाणात गेली

पनवेल,
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. सुनीताअक्कास,

दिनाचा साष्टांग नमस्कार (मानेला टाके आहेत, पुरतं वाकवत नाही, तेव्हा अर्धाच पोचला असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे. जे नाही ते पुढे लिहितो. फोनच केला असता, पण एसटीडीच्या बूथबाहेर उभा असलेला माणूस आपल्या माणसापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो.

तर अक्का, माझा मानेवरचा तीळ गेला. "मानेवर तीळ, दिनाला जन्मभर मान" असं आई म्हणायची आणि तू जळायचीस, तोच. गेल्या वर्षभरात त्याने असं काही बाळसं धरलं की न्हावी वस्तरा लावायला घाबरू लागला. शेवटी एकदा रक्त आलं, तेव्हा शशिकलेने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान बधिर करून तो काढला, औषधाच्या पाण्यात घालून इवल्याशा बाटलीत बंद केला आणि बाटली माझ्याच हातात ठेवून म्हणाले, मुंबईच्या लॅबमध्ये पोचवा, तपासून घ्यायला हवा. (जन्मभर मानेवर मिरवलेला तीळ एक दिवस खिशात घालून रिक्षात बसावं लागेल, हे काही आईने सांगितलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी किंक्रांत! आता किंक्रांतीला कुणी शहाणा माणूस असल्या कामाला निघतो का? मी थांबलो. बाटली लवंडू नये म्हणून कपाटातल्या एका नव्या स्टीलच्या डबीत ठेवली, चिकटपट्टी लावली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'तीळ'. इथेच माती खाल्ली. त्या डब्या शशिकलेने हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला आणल्या होत्या. बाकीच्यांत ती तिळगूळ भरत होती. ही आयतीच भरलेली दिसली, ह्यांनी कधी नव्हे ती मदत केली असं तिला वाटलं, आणि माझा तीळ कुंकवाचं बोट लावून कुणाच्या तरी ओटीत गेला. कुणाच्या, ते तिला आठवेना.

मग काय, आळीभर दारोदार! तीळ काही दुसरा आणता येत नाही, अक्का. तो हरवला असता तर त्यात काय होतं ते कधीच कळलं नसतं. दिलेलं वाण परत मागणारा पुरुष आमच्या आळीने पहिल्यांदाच पाहिला. समोरच्या रूपावहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, एवढ्याशा डबीसाठी? स्टील तरी कुठे जाड होतं!" बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर त्यांनी कबूल केलं, की ती डबी न उघडताच त्यांनी दुसरीकडच्या हळदीकुंकवात खपवली. कुठे? तर डॉक्टरीणबाईंकडे! धावत दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर डबी पुढ्यात घेऊनच बसलेले. "दीनानाथराव, मी मुंबईला न्या म्हटलं होतं, हळदीकुंकवाला नाही." डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं बूच काढून हुंगलं होतं म्हणे, तेव्हापासून त्यांनी तिळगुळाला हात लावलेला नाही. बाटली आता डॉक्टरांच्या कंपाउंडरबरोबर मुंबईला गेली. माझ्या हातात काही ती पुन्हा दिली नाही. तिळाबरोबर मानही गेला बघ.

भावोजींना नमस्कार, पोरांना गोड गोड पापे.

तुझा (बिनतिळाचा) दिना

ता. क. डॉक्टरीणबाईंना नवी डबी द्यायला हवी, असं शशिकलेचं म्हणणं. तुझ्याकडे जाड स्टीलची असेल तर घेऊन ये.

आणखी एक ता. क. नसली तरी ये. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे. शशिकलेला मी हसवत ठेवलंय, पण मला एकट्याला त्या दवाखान्याची पायरी चढवणार नाही गं. डबीवर 'तीळ' मी माझ्या मनानेच लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यात त्याला तीळ म्हणू नका.