पेटीवर फोडलेला नारळ

मामा, खंडेनवमीची सकाळ आहे. मी रॉकेलच्या चिंध्यांनी लेथ पुसतेय, ड्रिलला झेंडूचा हार घालतेय आणि तुम्ही मागून येऊन बोटानं तेल तपासताय. "कोपऱ्यात राहिलं बघ." अंबडच्या आपल्या शेडमध्ये कामगारांना सुट्टी. आपण तिघंच होतो, तुम्ही, मी आणि तुमचा धाकटा, माझा दीर. तुमचा थोरला, माझा नवरा, कसाऱ्याच्या घाटात अपघातात जाऊन दोन वर्षं झाली होती.

तो गेल्यावर केबिनमधल्या कॉम्प्युटरपुढं कोण बसणार, यावरून घरात ताटं फेकली गेली होती. तुम्ही त्याला पेटी म्हणायचात. शेडमधल्या प्रत्येक डायचं, प्रत्येक साच्याचं ड्रॉइंग त्या पेटीत होतं. तुम्ही हातानं काढलेली सगळी माझ्या नवऱ्यानं एकेक करून आत घातली होती. पेटी गेली तर शेड गेली. तुम्ही सगळ्यांदेखत मला खुर्ची ओढून दिलीत. "हिला वाचता येतं. बाकीचं मी शिकवतो." पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकलेल्या बाईला एवढं कुणी दिलं नव्हतं. ड्रॉइंगमधली तुटक रेघ म्हणजे आतली, न दिसणारी कड, हे तुम्ही बटाट्याला भोक पाडून दाखवलंत.

त्याच केबिनमध्ये तुम्ही मला पाना फेकून मारलात. पेपरच्या पुरवणीत वाचलं म्हणून मी सांगत होते, की बाहेरच्या एका कंपनीच्या मशीनवर इंटरनेटवरून आपल्या ड्रॉइंगची प्रत ठेवता येते, उद्या पेटी जळाली तर...

"माझी ड्रॉइंगं परक्याच्या घरात? त्यानं दार लावलं तर त्याच्या उंबऱ्यावर बसून रडू का? लय शहाणी झालीस!"

कानाची पाळी फाटली. टाके घालायला तुम्हीच नेलंत, आणि डॉक्टरांना म्हणालात, दारात अडकली. आज सगळे त्याला क्लाउड म्हणतात. नेट बंद पडलं, हातातलं काम अडलं, की मला तुमचा तो उंबरा आठवतो. तुम्ही अगदीच चुकला नव्हतात.

प्रत्येक मशीनपुढं दगडावर नारळ फोडायची तुमची रीत. शेवटचा पेटीपुढं. पूजेला मशीन जागं हवं म्हणून ती तुम्ही मला चालू करायला लावली होतीत. नारळ दिराच्या हातात दिलात. तो हसला. "वहिनींच्या देवाला मीच प्रसन्न करतो," म्हणाला, आणि नारळ पेटीच्याच कोपऱ्यावर हाणला. दोनदा. पत्रा चेपला, पाणी फटीतून आत गेलं, चट् असा आवाज झाला. जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

तुम्ही माझ्याकडं वळलात. "सगळं गेलं का गं?"

मी कानाला हात लावून गप्प उभी.

तुम्ही खुंटीवरचा मशीनचा जुना पट्टा काढलात. पहिला फटका दिराच्या तोंडावर बसला, ओठ फुटला. "मारा, आण्णा! तिच्यापायी पोटच्या पोराला मारा!" तो ओरडत होता, तुम्ही मारत होतात. चौथा फटका त्यानं हातात धरला आणि तुम्हाला ढकललं. तुमचं डोकं बेंचवरच्या लोखंडी पकडीवर, वाइसवर आपटलं. आवाज नारळासारखाच झाला. फरशीवर सांडलेली हळद लाल होत गेली.

दवाखान्यात पोचायच्या आत तुम्ही गेलात. पोलिसांना आम्ही दोघांनी एकच सांगितलं, तेलावरून पाय घसरला. संध्याकाळी तुम्हाला अग्नी त्यानंच दिला.

हे पत्र कुठं पाठवायचं? ड्रॉवरमध्ये राहील. पण लिहायचं ते अजून राहिलंय. कानाचे टाके निघाले त्या दिवसापासून, दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात की मी रोज दोन-तीन ड्रॉइंगं त्या परक्या मशीनवर चढवत होते. नवमीच्या आधीच सगळी चढली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा "नाही गेलं" एवढंच म्हटलं असतं, तर पट्टा खुंटीवर राहिला असता. मला तुमची भीती वाटली, मामा.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सिडकोत एकच सायबर कॅफे उघडा होता. तिथं बसून मी सगळी ड्रॉइंगं सीडीवर उतरवून घेतली.