डॉमिंगोच्या रापणीचा चौथा हात

मालवण,
आंब्याचा मोहोर अजून टिकून आहे ते दिवस

प्रिय मथुरा,

सोमवारचा नीतिशिक्षणाचा तास तुला आठवतो का? सिस्टर इमॅक्युलाता तुझ्या दप्तरापाशी उभ्या राहून छताकडे बघत श्वास घेत होत्या. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर तू, मी, रुक्मिणी आणि सुभद्रा अशा आपण चौघी सुभद्राच्या घरी तोंडवलीला गेलो होतो, किनाऱ्यावर रापण, ते लांबलचक जाळं, ओढत होते तिथे दोराला उगाच हात लावला होता आणि डॉमिंगोने (तेव्हा तरणाताठा, आपण त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही असा) प्रत्येकीला मूठभर तारले मासे दिले होते. तू तुझे जेवणाच्या डब्यात ठेवलेस आणि विसरलीस. सिस्टरांनी डबा उघडला, पुन्हा लावला, आणि आज आपण खरेपणाऐवजी स्वच्छतेबद्दल बोलू, असं म्हणून आपल्या सगळ्यांना मैदानात नेलं. आपण त्यावर दोन वर्षं हसलो. नंतर हसायला बऱ्याच गोष्टी मिळाल्या नाहीत, म्हणून मी अजून तीच वापरते.

असो. सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझी सूनबाई हे सगळे काबूत असतील अशी आशा आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. आता सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे माझं घर इतकी वर्षं किती कळकट होतं तेही दिसलं. फोन सोडून पत्र का, असं विचारशील, तर तू फोन उचलत नाहीस आणि मोबाइलवर काहीही लिहिलं तरी नुसता अंगठा पाठवतेस. (डॉमिंगो गेला असं कळवलं तेव्हाही अंगठाच आला होता. तो तुझ्या नातीने पाठवला असणार असं मी ठरवून टाकलं आहे.) पत्राला अंगठा लावायचा तर शाई शोधावी लागते.

डॉमिंगो दिवाळीनंतर गेला. बायको नाही, मूल नाही. मागे राहिली एक होडी, एक रापण आणि गोव्यात हॉटेल चालवणारा पुतण्या फ्रेडी. मातीहून परत येताना त्याचा बाळा तांडेल, जो इतकी वर्षं त्याची होडी हाकायचा, तो चर्चच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला की रापण आता तुमची. मला वाटलं दुःखाने याचं डोकं फिरलं. तर नाही. डॉमिंगोने जायच्या आधी फादरांसमोर आणि सगळ्या रापणकरांसमोर सांगून ठेवलं होतं, आणि बाळाने ते मला त्याच्याच शब्दांत ऐकवलं.

"त्या चौघींचो पायगुण बरो. रापण तेंची. पण दोराक हात लावल्याशिवाय वाटो नाय. चौघींनी एकदा दोर धरूक व्हयो. एकीचो हात कमी पडलो, तर फ्रेडीक देऊन टाका."

आणि हे सगळं या पावसाआधी, होड्या किनाऱ्यावर वर ओढून माडाच्या झापांनी झाकतात त्याच्या आत.

झालं होतं असं की आपण त्या शनिवारी दोराला हात लावला, त्या दिवशी म्हणे रापणीला असा मासा लागला की तो न्यायला टोपल्या पुरल्या नाहीत. आपण मात्र मूठभर तारले घेऊन पळालो होतो. तेव्हापासून डॉमिंगो आपल्याला शुभ समजत होता. मथुरा, हसू नकोस. रुक्मिणी सासरी आली त्याच आठवड्यात सासऱ्याच्या दुकानाला आग लागली आणि ती विझली तरी रुक्मिणीच्या पायगुणाची चर्चा विझली नाही. मला बघायला येणाऱ्या मुलाची गाडी करूळच्या घाटात कलंडली; मुलगा सुखरूप वाचला, पण त्याच्या आईने तो पुन्हा पाठवला नाही. सुभद्राला तीन मुली. आणि तुझे यजमान गेल्यावर तुझ्या नणंदांनी काय काय म्हटलं ते मी या पत्रात लिहिणार नाही, कागद चांगला आहे. एवढी वर्षं आपल्या घरांत आपल्याला कोणी बरं म्हटलं नाही, आणि तोंडवलीच्या वाळूत एक माणूस रोज सकाळी होडी लोटताना आपली आठवण काढत होता. हे त्याने आधी सांगितलं असतं तर निदान मी केस तरी वेळेवर रंगवले असते.

आता फ्रेडी. मुलगा गोड आहे, येताना बिबिंका, तो गोव्याचा थराथरांचा केक, घेऊन आला. त्याला रापण हवी आहे ती हॉटेलच्या छताला टांगायला. निळे दिवे सोडणार, मधूनमधून प्लास्टिकचे तारामासे लावणार. मी विचारलं की मग बाळाची माणसं काय ओढणार. तो म्हणाला, आंटी, त्यांना वेटर म्हणून घेईन, तेच कपडे घालून आले तरी चालेल. बिबिंका मी संपवली, पण त्याला दुसरा चहा दिला नाही.

म्हणजे चौघींनी दोर धरायला हवा. आपल्यातली एक बडोद्याला आणि उरलेल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. हे तुला ठाऊक नसेल. रुक्मिणी आणि सुभद्राने तोंडवलीला पाहुण्यांसाठी मिळून खानावळ काढली होती. छान चालली होती. मग कोणा पुण्याच्या गृहस्थांनी इंटरनेटवर लिहिलं की सुभद्राताईंच्या हातच्या तिसऱ्या-शिंपल्या खाण्यासाठी पुन्हा येऊ. त्या तिसऱ्या रुक्मिणीने केल्या होत्या. सुभद्राने त्याखाली "धन्यवाद" लिहिलं. बस. आता एकाच अंगणात दोन खानावळी, दोन पाट्या आणि मधे तुळस, जी दोघींनी स्वतंत्रपणे पाणी घातल्यामुळे कुजत चालली आहे. मी गेले की रुक्मिणी मला सांगते, "तिका सांग, धन्यवाद म्हणूक खर्च येणा नाय, पण जेचा तेका म्हणूचा." मी अंगण ओलांडून ते सांगते. सुभद्रा मला सांगते, "तिका सांग, मीठ कमी होता म्हणान मी लिंबू पिळलंय, म्हणान ता गोड लागला." मी परत अंगण ओलांडते. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे, ते तिथेच होतं.

तरी दोघी दोराला हात लावायला कबूल झाल्या. म्हणाल्या, डॉमिंगोसाठी, आणि दुसरी तिथे दिसली नाही पाहिजे. तू नव्हतीस, पण निदान तिघींची तालीम व्हावी म्हणून मी बाळाशी बोलले. बडोद्यात राहून तू विसरली असशील म्हणून सांगते: होडी समुद्रात जाळं अर्धवर्तुळात टाकत जाते, जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर एकमेकांपासून खूप लांब असतात आणि दोन्हीकडे माणसं उभी राहून ओढतात. मी रुक्मिणीला उत्तरेच्या टोकाला सुरूच्या झाडांखाली उभं केलं, सुभद्राला दक्षिणेला, जिथून रुक्मिणी फक्त ठिपक्याएवढी दिसेल. मी स्वतः कॅनव्हासचे बूट आणि बिनबाह्यांचा नाही असा फ्रॉक घालून सुभद्राच्या मागे उभी राहिले. बाळाने बूट काढायला लावले. एका पर्यटक बाईने तिकीट कुठे मिळतं असं विचारलं.

सुरुवात फार शांत झाली. पण मथुरा, रापणीचं असं आहे की जाळं जसं जवळ येतं तशी दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सरकत येतात. ठिपक्याची बाई झाली, बाईचा चेहरा झाला, चेहऱ्यावर कपाळावरची आठी दिसायला लागली. मागे सरायची सोय नाही, कारण मागे दोर आणि पुढे समुद्र. शेवटी दोघी इतक्या जवळ आल्या की एकीचा कोपर दुसरीच्या बरगडीत. आणि तिथे, इतक्या महिन्यांनी, मध्यस्थ म्हणून मी न लागता, रुक्मिणी पहिलं वाक्य बोलली.

"गो, तुझ्या हातात जीव आसा की नाय? दोर ढिलो सोडतंस."

"तुझ्या बाजूक सोळा बापये वढतत, म्हणान तुका हलको लागता."

"शाळेतसून अशीच तू. काम दुसऱ्याचा आणि नाव तुझा."

"मगे घे गो ता नाव. घेऊन काय भाजून खातलंस?"

त्यावर सुभद्रा रडायला लागली, रुक्मिणीने तिला रडू नको असं न सांगता नीट ओढ असं सांगितलं, आणि बाळा मागून ओरडला, "बायांनो, भांडाण मगे करा, आदी वढा." आम्ही ओढलं. मी डोळे मिटून टोपल्या अपुऱ्या पडताना पाहत होते.

जाळ्यात आलं ते असं: प्लास्टिकच्या बाटल्या, कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल, एक फुटलेली बादली आणि तळाशी चार ओंजळी भरतील इतके तारले. रापणकर मान खाली घालून बाटल्या वेचायला लागले. ही अशी सकाळ त्यांना परवडत नाही, हे त्यावरून मला कळलं. बाळाने तारले बोटाने चाळले, आमच्या तिघींकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो तीन हातांचो पायगुण. चौथो खंय आसा?"

आणि इथे तो चमत्कार झाला, ज्याबद्दल मी फादरांनाही सांगितलं. खानावळीपासून तुळशीपर्यंत कशावरही एकमत न होणाऱ्या रुक्मिणी आणि सुभद्राचं तिथल्या तिथे, ओल्या लुगड्यांत, पूर्ण एकमत झालं. चूक तुझी. रुक्मिणी म्हणाली मथुरा लहानपणापासूनच ऐन वेळी नसते. सुभद्राने तिला दुजोरा दिला आणि डब्याची गोष्ट आणखी रंगवून सांगितली. तारले दोन तव्यांना पुरण्याएवढे नव्हते, म्हणून ते एकाच चुलीवर भाजले. मीठ कमी होतं. सुभद्राने लिंबू पिळलं आणि रुक्मिणीने पिळू दिलं.

बाकी इथे सर्व क्षेम. तू येच, असं मी मुळीच म्हणत नाही. गेल्या वर्षी तू फोनवर म्हणालीस की मालवणात आता माझं कोण आहे, त्यावर उत्तर सुचायला मला थोडा वेळ लागला आणि तोवर तू फोन ठेवला होतास. सुनेला आशीर्वाद.

तुझी,
पिएदाद

ता. क. दोन्ही दोर शेवटी एका जागी येतात हे मला माहीत नव्हतं, असं मी त्या दोघींना सांगितलं आहे. मी जन्मापासून समुद्रासमोर राहते. तू त्यांना काही बोलू नकोस.

पुन्हा ता. क. तू येऊ नयेस म्हणून गोड बोलायला फ्रेडी तुझ्याकडे बडोद्याला येणार आहे. चहा एकच दे. आणि गाडीचं आरक्षण कर. उतरायचं कणकवलीला, बाळा रिक्षा घेऊन येईल. होड्या वर ओढायला लागले की मग काही उपयोग नाही.

शेवटचं. सुभद्राचा जावई निलेश बडोद्याला येतोय, त्याच्या हाती पिशवी पाठवली आहे. खाजं तुझ्या नातीला. कोकमाची सोलं सूनबाईला, ती पित्तावर घेते ना. मसाल्याच्या दोन पुड्या आहेत, एक रुक्मिणीची आणि एक सुभद्राची. दोन्ही तू ठेव आणि प्रत्येकीला तिचाच चांगला होता असं कळव, पण वेगवेगळ्या दिवशी. सुके बांगडे तुझे, मात्र तुमच्या सोसायटीत सगळे शाकाहारी आहेत तेव्हा पिशवी खिडक्या लावून उघड, आणि सेक्रेटरीसाहेबांना खाजं दे, म्हणजे ते नाकाऐवजी तोंड वापरतील. रापणीतला तुझा वाटा पिशवीत नाही. बाळाने त्या दिवशी वाळूवर चार वाटे मांडले होते. चौथा उचलायला कोणी नव्हतं आणि दुसऱ्याचा वाटा उचलत नाहीत, म्हणून आम्ही तिघी ऊन डोक्यावर येईपर्यंत कावळे हाकलत त्याच्याभोवती बसलो. मग तो मांजरांना दिला. पुढच्या वेळचा वाटा तुला. पण तो राखत मी बसणार नाही, माझी मान धरते.