तिथीच्या नावाने ठेवलेल्या फाइली

मल्हारगंज, इंदूर
९ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. लीलास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नानांच्या वर्षश्राद्धाला तुला त्यांच्या आठवणींतलं आईचं पान हवं आहे. तू दीड वर्षाची असताना ती गेली, म्हणून तुझा हट्ट कळतो. पण ते पान राहिलेलं नाही. कंप्युटरमध्ये ‘नाना’, ‘प्रतापराव’, ‘आठवणी’, सगळं घालून शोधलं. एकही फाइल निघाली नाही. नाना सांगत तसं रोज संध्याकाळी बसून मी टाइप केलेलं सगळं गेलं. तुझ्या वहिनीने जागा करायला उडवलं असणार. ती सध्या देपालपूरला आहे, तिची आई आजारी आहे. तिला विचारून दुखवू नकोस.

तुझा,
दादा

मानपूर
१६ ऑक्टोबर १९९९

ती. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

तू विचारू नको म्हणालास, मी विचारलं. वहिनीच्या उत्तरात तुझ्याविरुद्ध एक शब्द नाही. ती लिहिते की, वन्सं, काहीच उडवलेलं नाही. मामंजींचं नाव मी तोंडाने घेत नाही, मग फाइलीला कसं देऊ? ज्या तिथीला ते बोलले, ती तिथीच घातली. ह्यांना सांगा, फाइंडमध्ये नावाची जागा कोरी ठेवा, तारखेत मागच्या वर्षीचा पाडवा ते दिवाळी भरा. लगेच निघतील.

टाइप तर तूच करत होतास ना, दादाभिया? मग आपल्याच फाइलींची नावं तुला ठाऊक नाहीत? आमच्याकडे हे हसले. मला हसू आलं नाही.

पान पाठव. रागावले आहे, पण माया तेवढीच आहे.

लीला

मल्हारगंज, इंदूर
२० ऑक्टोबर १९९९

चि. सौ. लीलास,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. तो आहे असं समज.

फाइली मिनिटभरात निघाल्या. त्रेचाळीस. इंग्रजी अक्षरांत चैत्र, ज्येष्ठ, आश्विन. प्रत्येकीसमोर वेळ आहे: दुपारचे दोन, अडीच, तीन. त्या वेळी मी ऑफिसात असतो. एकही ओळ माझी नाही. मागचं सगळं वर्ष मी तुला खोटं लिहिलं, आणि सापडलं नाही तेव्हा तिच्यावर ढकललं. तिला विचारायचं म्हणजे कबूल करावं लागलं असतं.

आईचं पान सोबत आहे. गरम भात ती आधी आपल्या तळहातावर पसरायची, निवला की तुला भरवायची, असं नाना सांगतात. त्याच पानाच्या शेवटी त्यांनी माझ्याबद्दल म्हटलं आहे की, सूनबाई, हे श्रीकृष्णाला आपणहून दाखवू नको, तो विचारेल.

मी विचारलं नाही. नाना गेल्यावरही नाही.

ती सोमवारी येते आहे. बस अड्ड्यावर मी जाईन. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. पानाच्या माथ्यावर, लिहून घेणारी म्हणून, तुझ्या वहिनीचं नाव, प्रेमलता, मी टाइप केलं आहे. त्या पानात माझं तेवढंच. चारचौघांत तिचं नाव मी आजवर घेतलेलं नाही. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा ते नाव मी मोठ्याने वाचेन. माझ्या आधी तू ते कुणाला वाचून दाखवू नकोस.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

दादा