डावी पाकळी

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

मांड्या पेटल्यात नुसत्या! आज आंबेनळी घाट पहिल्यांदा एका दमात चढलो. म्हणजे मधे ओकलो, पण सायकलवर बसूनच ओकलो, पाय टेकवला नाही. आणि वरच्या वळणावर सदू दगडावर बसून काकडी खातोय! बिनगिअरची सायकल, दुधाच्या किटल्या वाहून वाहून वाकलेली — आणि तरी माझ्या आधी वर. "ये रे ऋत्विक, दमलास काय?" दात काढून विचारतो. चुलतभाऊ नसता तर ते दात पाडले असते.

शर्यत १४ जानेवारीला. महाडहून सुटायचं, शिवथरकडच्या पायवाटा, मग फिरून पोलादपूर, घाट, वरून जंगलातून उतरायचं आणि परत महाड. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. पहिल्या दहांत जो येईल त्याला पुण्याचा क्लब घेऊन जाणार. राहणं, खाणं, सायकल, सगळं त्यांचं. मला जायचंय! या गावात गवत कापून आणि बाबांच्या मागे देवळात घंटा बडवून मरायचं नाही मला.

सदूलाही जायचंय. बायको आहे, आई आहे, तरी जायचंय. म्हणतो, "पुण्यात बस्तान बसलं की आयला न् राहीला नेईन." बघू कोण कुणाला नेतं ते.

१५ नोव्हेंबर

महाडला उबेदच्या दुकानात गेलो दोघं. त्याच्या भावाने कुवेतवरून पाठवलेली ती सायकल! गिअर असे पडतात की आवाजसुद्धा नाही. पुढे स्प्रिंग. मी नुसता हात फिरवत उभा राहिलो.

उबेद म्हणाला, "देतो. पण मशीन एक, बसणारा एक. पाठीवर माझ्या दुकानाचं नाव. कोण बसतो ते तुम्ही घरात ठरवा, माझ्या डोक्याला ताप नको."

सदू लगेच, "कौल लावू."

उबेद हसून खुर्चीतून पडायचा राहिला. "सायकलसाठी कौल? अरे यार, दोघं घाट चढा, जो आधी पोचेल त्याची!"

मी घाईघाईने म्हटलं, नको नको, कौलच बरा. आमच्याकडे तसंच असतं. सदूने माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं! त्याला वाटलं मी देवभोळा झालो. येडपट.

१८ नोव्हेंबर

वाघजाईची पूजा आमच्या घरात. बाबांचे गुडघे गेल्यापासून कौलाच्या पाकळ्या मीच लावतो. देवीच्या दोन खांद्यांवर दोन पाकळ्या, पाण्यात बुडवून. बाबा विचारणार, उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते. जी पडेल ती देवीची मर्जी. मग सगळं गाव बसून राहतं, पाणी सुकेपर्यंत.

पाण्याऐवजी भाताची पेज लावली तर पाकळी सुकेल, पण पडणार नाही. काल संध्याकाळी उंबऱ्याच्या दगडावर लावून बघितली. सकाळी होती तिथेच होती. मीच हसलो.

२१ नोव्हेंबर

झालं! बाबांनी विचारलं, "माझे आये, ऋत्विक जायाचा तर उजवी दे, सदू जायाचा तर डावी दे." डावीला पेज. उजवी पडली — टप्पकन, फार वाटही बघायला लावली नाही.

सदूने डाव्या पाकळीकडे एकदा बघितलं, उठला, देवीला डोकं टेकलं, आणि माझ्या पाठीत थाप मारली. "तुझं नशीब रे. आता मी तुला तयार करतो." सदूची आई, ठमाकाकी, पदराने डोळे पुसत होती. मी पण जरा चेहरा पाडला, बरं दिसतं.

नंतर त्याने आपली ती वाकडी सायकल आणून देवळाच्या पडवीत उभी केली आणि दोरीने खांबाला बांधली. आमच्या गावचा नियमच आहे — देवीने ज्याला नाही म्हटलं त्याने त्या वस्तूला शिमग्यापर्यंत शिवायचं नाही. पालखी निघाली की मोकळा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आता दूध डोक्यावरून! होऊ दे. वजन कमी होईल त्याचं.

२६ नोव्हेंबर

बूड सोलवटलंय. आईने खोबरेल दिलं, लावलं, आता चड्डीला गावभर वास.

उबेद म्हणतो पॅडवाली चड्डी घालायची तर आत दुसरं काही घालायचं नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं!

२ डिसेंबर

सदू म्हणजे कसाई आहे. पहाटे दारात हजर, हातात शेवरीची काठी. मी चढावर बसलो की हा मागून पळत येतो आणि पिंढरीवर हाणतो. "उठ! पाय मोडलं काय तुझं?" आणि स्वतः पळतोय! अनवाणी, दम न लागता, माझ्या बाजूने. मी कुवेतच्या सायकलवर आणि हा पायी, तरी चढावर दोघं बरोबर. डोकं फिरतं माझं.

आज म्हटलं त्याला — "तुला देवीनेच नाकारलं, आता काय उपयोग पळून? घोड्यासारखा पळ नाहीतर गाढवासारखा." तो हसला. "बरोबर हाय तुझं. पण तू तरी पोच." असल्या माणसाला लागत कसं नाही काही?

९ डिसेंबर

उतारावर धडपडलो. कोपरात खडी घुसली. सदूने सुईने एक एक खडा काढला. मी किंचाळत होतो आणि तो म्हणतोय, "उतारावर नजर रस्त्यावर पायजे. कुणी हाक मारू दे, बाप मरू दे, मागं बघायचं नाय. तू बघितलंस म्हणून पडलास."

खरं आहे. पोलादपूरच्या रस्त्याला राजनंदिनी जात होती, म्हणून बघितलं. हे काही त्याला सांगितलं नाही.

१७ डिसेंबर

शिवथरपर्यंत जाऊन आलो. पायवाटेवर दोनदा सायकल खांद्यावर घेतली. शेवटी चक्कर. ग्लुकोजचा पुडा कोरडाच तोंडात कोंबला, जीभ टाळ्याला चिकटली. पण पुरं केलं! पूर्वी हे जमलं नसतं. सदूमुळे जमतंय, हेही लिहून ठेवतो. इथे कोण वाचतंय.

राहीवहिनी विहिरीवर म्हणाली, "भावजी, ह्यांचं पाय बघा जरा. टाचा फुटून रगत येतंय. दूध घिऊन रोज पोलादपुरापर्यंत चालत. देवीला सांगून सोडवा की ह्यांना त्यातनं." मी म्हटलं देवीचं मी काय करणार? आणि हंड्यावरचा माझा हात काढून घेतला.

२८ डिसेंबर

आजचा दिवस म्हणजे! घाटमाथ्यापासून, गावाच्या फाट्यावरून थेट पोलादपूरपर्यंतचा उतार — ब्रेक जवळजवळ नाहीच. कानात उबेदचं ते नवीन गाणी ऐकायचं यंत्र. डोळ्यांतून पाणी, वळणावर गुडघा बाहेर, सायकल झोपवली की आपोआप वळते. असा कधीच उतरलो नव्हतो. पहिल्या दहांत येणार मी, आता खात्री आहे.

मधल्या वळणाला सदू दिसला, रस्त्याच्या मधोमध पळत, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत. मला चढवतोय! मी पण अंगठा दाखवला आणि सुळकन त्याच्या बाजूने काढली. मागे बघितलं नाही. शिकवलंय ना त्यानेच! खाली पोचून पुढे महाडच्या रस्त्याला लागलो, उबेदला सांगायला.

२९ डिसेंबर

ठमाकाकी गेली.

३१ डिसेंबर

गवत कापताना काकीच्या पायाला लांबडं चावलं, साप. दुपारची वेळ. गावातली एकुलती जीप सकाळीच गेलेली. मोबाइलला आमच्याकडे रेंज कुठली. सायकली दोनच — एक मी घेऊन गेलेलो, दुसरी पडवीत, दोरीने बांधलेली.

आई सांगते. सदू देवळाकडे धावला. दोरीला हात लावला. राहीवहिनी ओरडत होती, "घ्या ती! घ्या ना वो!" हा तिथे उभा राहिला. म्हणाला, "देवीनं नाय म्हटलंय. मोडलं तर आयलाच भोवंल." आणि पायीच पोलादपूरकडे सुटला, जीप आणायला.

मधल्या वळणाला मी त्याच्या बाजूने गेलो होतो.

थांबलो असतो तर मी खाली जाऊन जीप पाठवली असती, तो खाली पोचायच्या आत. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणली असती तर.

त्याने मला विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाला, "कानात गाणी व्हती ना तुझ्या. मला दिसली वायर." आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात माझा! कापून टाकावासा वाटत होता.

३ जानेवारी २००७

सुतक. देवळात जायचं नाही. सायकल चालवायला सुतकाची आडकाठी नाही, असं बाबा म्हणाले. म्हणून घाटात गेलो. चढलो. काय करू मग, घरात बसून तोंडं बघू? पाय छान चाललेत. पाय चाललेत याचीच लाज वाटली.

६ जानेवारी

दहावा. नदीवर कावळा शिवेना. सदू हात जोडून उभा, "आये, काय राहिलं गो? माझं काय चुकलं?" सगळे काकीच्या इच्छा आठवून आठवून बोलत होते — राहीला सांभाळीन, म्हशी विकणार नाय. कावळा झाडावरच.

मी मनात म्हटलं, काकी, मी सांगतो सगळ्यांना. खरंच सांगतो. लगेच उतरला! घास घेऊन गेला.

नाही सांगितलं.

९ जानेवारी

तेरावा झाला. राहीवहिनी सदूशी बोलत नाही. भाकरी पुढे सरकवते आणि उठते. गावात दोन तट. अर्धे म्हणतात, माणूस मरत असताना कसला कौल, घ्यायची सायकल. अर्धे म्हणतात, पाळलं तेच बरोबर, देवीचं काहीतरी दुसरं राहिलं असणार. दुसरं म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे.

सदू संध्याकाळी आला. "काका, माझा कौल लावा. मी तिचा शबूद मोडला नाय, तरी तिनं आय नेली. माझं चुकलं का दुसऱ्या कुणाचं, एवढं मला कळू द्या. नायतर मी जगायचा नाय."

बाबा म्हणाले, "शुक्रवारी लावू." माझ्याकडे बघून, "पाकळ्या आण ताज्या."

११ जानेवारी

उद्या कौल. काय करू? दोन वाट्या मांडून बसलोय, एकीत पेज, एकीत पाणी.

डावीला — सदूच्या बाजूला — पेज लावली तर उजवी पडेल. 'दुसऱ्या कुणाचं तरी.' सदू सुटेल. मग गाव विचारणार, कुणाचं? आणि बाबा एकेकाचं नाव घेऊन पुन्हा कौल लावत बसणार. माझं नाव येणार. शर्यत रविवारी.

उजवीला पेज लावायची? नाही. इतका हलकट नाही मी. इतकं पुरे.

पाणीच लावणार. दोन्हीकडे नुसतं पाणी. तिचं ती ठरवू दे. माझं नाव तिने काढलं तर सगळ्यांच्या पुढे कबूल होईन, सायकल उबेदला परत, पुणं गेलं खड्ड्यात. ही शपथ आहे. पेज सांडून टाकली.

१२ जानेवारी

डावी पडली.

नुसतं पाणी होतं, देवीशपथ! दोन्हीकडे सारखं. सगळ्या गावासमोर सदू दोषी ठरला. राहीवहिनी तिथूनच माहेरी गेली. सदूला वर्षभर अनवाणी राहायचं आणि आईच्या नावाने रोज देऊळ झाडायचं. तो "बरं" म्हणाला. मी तोंड उघडलं नाही — आणि खोटं कशाला लिहू, पाकळी पडली तेव्हा मला बरं वाटलं. परवा शर्यतीत मला पाणी द्यायला घाटात उभा राहीन म्हणालाय सदू.