एकाच गळ्यातले पक्षी

५ फेब्रुवारी

आले एकदाची. भूगावच्या फ्लॅटला कुलूप लावलं, पौडला मिसळ खाल्ली आणि एसटीने धरणाच्या कडेकडेने दहाच्या आत वाडीत. इंद्रजित बाइकवर मागोमाग, पाठीवर रेकॉर्डरची पेटी. चार वर्षं एकत्र काम करतोय, तरी प्रत्येक नव्या जंगलाला तो शाळेच्या सहलीसारखा निघतो. आमच्या संस्थेने मुळशीतल्या देवरायांमधल्या पक्ष्यांचे आवाज नोंदवायला घेतलेत. ही राई माझ्या वाट्याला, सहा आठवडे. खोली कुशाबाकाका आणि रत्नामावशींकडे. मागे दोन म्हशी, समोर सारवलेलं अंगण, खिडकीतून थेट राई. मावशींनी नाचणीची भाकरी वाढली, माझ्या मनगटांकडे बघितलं आणि न विचारता आणखी एक टाकली. मी ती खाल्लीही.

६ फेब्रुवारी

दिवसभर राईत. बेहडे, जांभळी, कवेत न मावणाऱ्या वेली, डोक्यावर शेकरू उड्या मारतंय. वाट दाखवायला काका होते. आत शिरताना म्हणाले, "हितं कुनी कुनाचं नाव घेत न्हाई, ताई. बोलवायचं तर टाळी वाजवायची." कारण विचारलं तर एवढंच, की आमचा बाप वाजवायचा, आमी वाजवतो. मला रीत आवडली.

पण चौथा रेकॉर्डर बांधताना इंद्रजित उतारावरून घसरला आणि मी त्याच्या नावाने ओरडले. त्यानेही खालून माझं नाव घेऊन सांगितलं, की काही झालं नाही. काका परतीच्या वाटेवर सारखे मागे वळून राईकडे बघत होते. वाईट वाटलं. इंद्रजित संध्याकाळी महाळुंग्याला, आईकडे.

११ फेब्रुवारी

पहिली कार्डं काढली. एकेचाळीस जाती! हळद्या, तांबट, शीळकरी कस्तूर, स्वर्गीय नर्तक. भृंगराज कोतवालही असणार. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. असणार म्हणतेय, कारण परवा सकाळी सहा चाळीसला कस्तुराच्या शिळेनंतर स्पष्ट ऐकू येतं, "गौतमी." इंद्रजितचा आवाज. तो त्या वेळी महाळुंग्याला झोपला होता.

फोनवर ऐकवलं तर हसत सुटला. म्हणाला, रानातला कोतवाल माणसासारखा बोलतो असं कुणी नोंदवलेलंच नाही, शनिवारी येतोच. मीही हसले. पण मग जेवण होईपर्यंत तीनदा उठून खिडकीशी गेले. का, ते कळलं नाही.

१३ फेब्रुवारी

काल चार तास राईत बसले. सगळे पक्षी ऐकले, दिसला एकही नाही. पान हललं नाही. दगडांवर ताजी शीट नाही. शेकरूचं घरटं रिकामं.

आज सकाळपासून आवाजांचे आलेख बघतेय. कुठल्याही जंगलात पहाटे दहा पक्षी एकमेकांवर ओरडत असतात. इथे पहिल्या दोन दिवसांत तसंच आहे. आठ तारखेपासून नाही. एक थांबतो, मग दुसरा सुरू होतो. हळद्या, मग तांबट, मग कस्तूर. दोन आवाज एकदम, असं एकदाही नाही. मध्ये प्रत्येक वेळी तेवढीच फट, श्वास घ्यायला लागावी एवढी. आणि सगळे चौथ्या रेकॉर्डरजवळून.

एकेचाळीस पक्षी. एकच गळा.

बसवत नाही. अंगणात फेऱ्या मारतेय. काकांना सांगितलं तर म्हणाले, यंत्रं काढा. उद्या इंद्रजित आला की काढू. एकटी जाणार नाही.

१४ फेब्रुवारी



मी बॅटऱ्या आणायला पौडला गेले होते. इंद्रजित ठरल्यापेक्षा तासभर आधी आला. मावशींनी त्याला ओसरीवर चहा दिला. मग राईतून हाक आली.

मावशी रडत रडत तेच पुन्हा सांगतायत. "तुमीच हाक मारली, ताई. मीबी ऐकली. मीच त्यांना म्हनलं, जावा, ताई आल्या जनू."

बाइक अंगणात आहे. अर्धा चहा कपात. तो नाही.

१५ फेब्रुवारी

पोलीस आले, आसपासच्या वाड्यांतली साठ माणसं आली. दिवसभर टाळ्या. संध्याकाळी काकांचे तळहात सुजले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही, त्यांनी इंद्रजितचं नाव घेतलं. तीनदा, पोटातून.

मग स्वतःच तोंडावर हात दाबून खाली बसले.

इंद्रजितच्या आईला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

माणसांनी शोधताना रेकॉर्डर उतरवून आणले. फक्त काठावरचा पहिला तिथेच राहिला. मी चौथ्याचं कार्ड ऐकलं. ऐकायला नको होतं.

इंद्रजित विचारतो, कुठंयस? माझा आवाज म्हणतो, वर ये. तो म्हणतो, दिसत नाहीस. माझा आवाज म्हणतो, अजून वर.

हे शब्द मी तिथे कधीच बोलले नाही. राईत जे आहे ते आता नुसतं ऐकलेलं म्हणत नाही, स्वतः शब्द जुळवतं.

मग अकरा मिनिटं काही नाही.

मग तांबट.

पोलिसांना ऐकवलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं — वाडी सोडून जाऊ नका म्हणाले. तशीही मी गेले नसते. तो आत आहे.

१७ फेब्रुवारी

पहिल्या रेकॉर्डरचं कार्ड काकांनी धावत जाऊन आणलं. काल दिवसभराचे सगळे पक्षी त्यावर. मोठ्याने. अगदी जवळून.

ते राईच्या काठावर आलंय.

अंगणातल्या चिमण्या गेल्या. कुत्रा पट्टा तोडून गेला. म्हशी टाकून मावशी निघणार नाहीत. काकांनी ठरवलंय, उद्या पौडला जबाब देऊन, पोलिसांना सांगून टेम्पो घेऊन यायचं, म्हशी आणि आम्हाला घेऊन निघायचं. तोवर घरात कुणी तोंड उघडायचं नाही. आवाज द्यायचाच नाही त्याला.

म्हणून लिहितेय.

१८ फेब्रुवारी, सकाळ

काका पहिल्या एसटीने गेले. दारं बंद. मावशी चुलीशी, पदर तोंडात धरून. मी पाय हलवत राहते, थांबवता येत नाहीत.

बाहेर हळद्या. परसात.

दुपार

इंद्रजित हाका मारतोय. पाणी मागतोय. कान दाबले — तरी —

मावशींनी माझा हात धरलाय.

मग थांबलं.

थोड्या वेळाने

काका आले. ओसरीवरून म्हणतायत, "दार उघड गं. लई दमलोय." मावशी उठल्या. पहिल्यांदाच चेहऱ्यावर रंग —

टेम्पोचा आवाज मी ऐकला नाही. त्यांनी ऐकला?

फोन थरथरतोय. पडद्यावर काकांचं नाव. कानाला लावला — पौडमध्येच आहेत. टेम्पो आत्ता मिळाला म्हणतायत — रेंज गेली —

मावशी कडीपाशी. त्यांचं नाव अजून त्याला माहीत नाही. ओरडले तर तेही —

इथे मोठ्या अक्षरात लिहिलं, उघडू नका. वही त्यांच्यापुढे धरली. त्या अक्षरांकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. त्यांना वाचता येत नाही. मी ओढलं तर मान हलवून हसल्या, हात सोडवला, कडीला हात —

मी हाक मार