मागच्या रांगेतले डास

सोमवार, ४ मार्च
नातीची अर्धी कोरी वही सापडली. आजपासून लिहिणार. तिसरीपर्यंत शिकले तेवढं पुरे, तक्रार लिहायला कॉलेज लागत नाही.
तक्रार अशी. शेजारच्या हॉलमध्ये बायकांनी दिकिर, ते गावागावांचं गाण्यातलं भांडण, सुरू केलंय. वीस जणी दुपारची नमाज उरकली की मांड्या घालून बसतात, गातात, टाळ्या पिटतात, डोलतात. माझ्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं. आमचे हे, देरामान, चाळीस वर्षं ह्याच दिकिरपायी घराबाहेर. मी आतून कडी घालायची. ते गेले, वाटलं सुटले. आता बायकाच!
उद्या एकेकीला झाडते.

मंगळवार, ५ मार्च
गेले. दारात उभी राहिले. भांडायला तोंड उघडणार तोच हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले.
डास होते.

बुधवार, ६ मार्च, संध्याकाळ
कालची तक्रार अर्धी राहिली म्हणून परत गेले. गुडघ्यांमुळे बसावं लागलं. दोन तास.
सून हासना विचारते, मा, भांडण झालं का? म्हटलं, अशी भांडणं एका बैठकीत मिटत नसतात.

रविवार, १० मार्च
मी नाव दिलं. आत शिरल्याशिवाय ह्यांची खोड मोडायची नाही.
नियम सोपा. पुढची बाई एक ओळ गाते, मागच्या वीस जणी तीच ओळ जशीच्या तशी परत म्हणतात. ती शिंकली तर ह्याही शिंकतील, इतक्या मेंढ्या.
पुढे कोण, तर वान रोकिया. रिटायर्ड मास्तरीण. ओळी कागदावर लिहून आणते! दिकिर म्हणजे काय शुद्धलेखन? समोरच्या गावाला जागच्या जागी जुळवून हाणायचं असतं. मी तीस वर्षं बाजारात सुकी मासळी विकली. भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला यमकात वाटेला लावलंय. तिला म्हटलं, मास्तरीणबाई, तुमचं गाणं ऐकलं की हजेरी द्यावीशी वाटते. ती म्हणाली, मेक सेपिया, तुमची टाळी अर्धा ठोका मागे असते, आधी शेवटच्या रांगेत बसून ती शिका. सगळ्या फिदीफिदी हसल्या.
तिलाच हसल्या.

गुरुवार, १४ मार्च
३० तारखेला नदीपलीकडच्या गावाशी सामना. फक्त बायकांचा, पुरुषांना आत बंदी. त्या दिवशी पुढे मीच उभी राहणार. ठरलं.
घरी प्रॅक्टिस. कोंबड्या मागच्या रांगेत. हासना ओरडली, मा, भात करपला! करपू दे. ती म्हणाली, बाबांना ह्याच गाण्यासाठी उपाशी ठेवायचात ना?
सून फार बोलते.

सोमवार, २५ मार्च
वान रोकियाचा घसा बसला. मी शनिवारी तिला प्रेमाने बुडूची बाटली दिली होती. मासे मुरवून मी स्वतः केलेलं, मिरच्या जरा सढळ हाताने. घशाचा आणि त्याचा काही संबंध नाही.
दुसरी कोणी पुढे यायला धजेना. मी उठले. रोकिया खरखरत म्हणाली, मेक, ओळी विसरलात तर? मी सगळ्यांदेखत शपथ घेतली, एक ओळ जरी विसरले तर मरेपर्यंत शेवटच्या रांगेत बसेन.
तोंड बघण्यासारखं झालं तिचं. हसू दाबत होती, मत्सराने.

शुक्रवार, २९ मार्च
एक ओळ लिहिलेली नाही. लिहितात ते भित्रे. माझ्या डोक्यात शंभर आहेत.

शनिवार, ३० मार्च
माइक खराब होता.
पहिल्या चार ओळी अशा हाणल्या की नदीपलीकडच्या बायकांनी पदर सावरले. त्यांची होडी गळकी, त्यांचा भात पाणचट, त्यांच्या कोंबड्या लंगड्या. माझ्या वीस जणी मागून दणक्यात. जन्मात असं वाटलं नव्हतं. काय वाटलं ते लिहिणार नाही.
मग पाचवी. शंभरातली एकही येईना. मी हळूच पुटपुटले, अगं, पुढे काय होतं? माइकने ते उचललं. आणि वीस जणींनी चालीवर, टाळ्यांसकट, अगं, पुढे काय होतं!
मी म्हटलं, गप्प बसा गाढविणींनो. गप्प बसा गाढविणींनो! डोलून डोलून. म्हटलं, अगं खरंच विसरले मी! खरंच विसरले मी!
सगळ्यांत मोठा आवाज वान रोकियाचा. घसा ठणठणीत.
नदीपलीकडच्यांनीही आमच्यात आवाज मिसळला. बाहेर भिंतीला कान लावलेले पुरुष धरून सगळं गाव गात होतं, खरंच विसरले मी. सामना त्या जिंकल्या. परीक्षक बायका बहिऱ्या.

सोमवार, १ एप्रिल
सकाळी मासळीवालीने टाळी वाजवून विचारलं, मेक, पुढे काय होतं? नात शाळेला निघाली तीही तेच गुणगुणत. हासना चुलीकडे तोंड करून खांदे हलवत होती. म्हणे, धूर लागला.
वही बंद करणार. दिकिर बंद. उद्यापासून कडी.

मंगळवार, २ एप्रिल
वान रोकिया दारात आली. म्हणाली, चार वाजले, शपथ तुमची आहे, माझी नाही.
शपथ मोडणारी मी नव्हे, म्हणून गेले. शेवटची रांग, भिंतीकडचा कोपरा. देरामान चाळीस वर्षं पुरुषांच्या रांगेत असेच मागे बसायचे. मी टोचायची, तुम्हाला कधी पुढे उभं करत नाहीत का हो? ते म्हणायचे, मागून सगळं ऐकू येतं.
येतं. माणूस खोटारडा नव्हता, एवढंच.
उद्या परत जावं लागणार. त्या कोपऱ्यात डास फार आहेत.