गच्चीवरचा टायर

तीर्थरूप मामांना उभ्यानेच साष्टांग नमस्कार. (उभ्याने साष्टांग कसा, ते विचारू नका. विमानातून उतरल्यावर वाकलं की पोटातलं बाहेर येतं.) मामींची कंबर कशी आहे? तुमचा खोकला कसा आहे? खोकला असणारच, पण ते पुढे.

शहराची हवा कोण खराब करतं हे शोधायला आमचं विमान त्याच त्याच रेषांवरून घिरट्या घालतं. नळीतून बाहेरची हवा आत येते, यंत्र ती तपासतं आणि मी यंत्राला चिकटून, हातात पिशवी धरून बसते. मोठ्या रस्त्यांवर आकडा चढतो, कारखान्यांवर चढतो, ते ठीक. पण तुमच्या त्या झाडाझुडपांच्या वस्तीवर तो अशी उडी मारायचा, की साहेबांनी आधी यंत्राला दोष दिला, मग मला, मग पायलटच्या केसांच्या तेलाला. बिचाऱ्याने शाम्पूने डोकं धुतलं. आकडा होता तिथेच! शेवटी साहेबांना तुमच्या शेजारची बेकरी सापडली. चिमणी दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. उद्या ते तिला कुलूप लावायला येणार. भट्टी कधीच विजेवर नेली म्हणून बेकरीवाला घसा फोडून सांगतोय, पण ऐकतं कोण?

आज मी विमानाखालच्या कॅमेऱ्याचे फोटो मोठे करून पाहिले. बेकरीच्या चिमणीतून धुराची रेघसुद्धा नाही. शेजारच्या गच्चीवर मात्र जळता टायर, आणि बाजूला बनियनवर लाल टॉवेल फडकवणारे एक गृहस्थ. अहो मामा, काय हे! मी हौसेने उड्डाणाची वेळ कळवते, आणि तुम्ही भाचीला घर दिसावं म्हणून टायर पेटवता? मी गावभर धूर शोधत हिंडतेय आणि घरचाच माणूस आग लावतोय! साहेबांनी मागून डोकावून विचारलं, हा वेडा कोण? (त्यांना टॉवेल दिसला, टायर नाही, चष्मा कपाळावर होता.) मी म्हणाले, ओळखत नाही. फार वाईट वाटलं, पण नोकरी नवी आहे.

मामींना नमस्कार.

तुमची वैतागलेली
भाची

ता. क. : उद्या साहेब पोचायच्या आत बेकरीपाशी जा आणि धूर माझा होता म्हणून सांगा. त्या माणसाचं घर त्या भट्टीवर चालतं. फक्त माझं नाव काढू नका, डासांसाठी पेटवला म्हणा.

आणखी ता. क. : राहू दे. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. ‘माझी भाची विमानात असते’ हे तुम्ही साहेबांच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगाल. मीच आत्ता साहेबांना सगळं सांगून आले. ते बराच वेळ ओरडले. बेकरी वाचली, माझं काय ते उद्या कळेल.

शेवटचा ता. क. : मामा, विमानात माझ्या जागेला खिडकीच नाही.